अण्णांचा जोंधळी काठ

कांडी संपल्याशिवाय अण्णा बोलत नसत. धोट्यात बसवलेली ती सुताची बोटभर कांडी रिकामी व्हायला पाच-सात मिनिटं लागत आणि तेवढा वेळ दारात कलेक्टर उभा असला तरी त्याला उत्तर मिळत नसे. माझी आणि त्यांची पहिली भेट अशीच झाली. वालूरच्या त्यांच्या दोन खणांच्या घरात मी वाकून शिरलो, "नमस्कार, मी सेलूहून आलोय," म्हणालो आणि उभाच राहिलो. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक किडकिडीत म्हातारा मागावर बसलेला. अंगात बंडी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पाय खाली पावड्या दाबत होते, धोटा इकडून तिकडे पळत होता आणि माझ्याकडे ढुंकूनही बघणं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसावं. म्हणून मी जरा ओरडून पुन्हा सांगितलं. कांडी संपली तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, "दोनदा कामून सांगायलाव? पहिल्याच डावाला ऐकलं. सेलूचे न्हवं का? बसा."

त्यांचं नाव दिगंबर. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. वय पंचाहत्तरीच्या आसपास, नक्की त्यांनाही ठाऊक नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा पुण्यात कुठल्याशा मॉलच्या दारावर पहारेकरी. वालुरात एके काळी विणकरांची पुष्कळ घरं होती म्हणे, आता माग चालायचा तो अण्णांचा एकट्याचा. पंचे, टॉवेल, क्वचित एखादं उपरणं. सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची तेव्हा अण्णांचं सूत मात्र बाहेरगावाहून पार्सलने यायचं. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "कापूस आपला, सूत परक्याचं अन् बायकाच्या अंगावर लुगडं सुरतेचं. मंग आमी काय, मधी बसून माशा माराव?"

मी तेव्हा एका सामाजिक गुंतवणुकीच्या कंपनीत नोकरीला होतो. बी.कॉम. झालेल्या सेलूच्या माणसाला अशी नोकरी मिळते हे मलाच नवल वाटायचं, त्यामुळे तिचा मला अभिमानही जरा जास्तच होता. पुण्यामुंबईचे पैसेवाले लोक बुडत्या हस्तकलांमध्ये पैसा घालतात, ही देणगी नसते, त्यांना परतावाही हवा असतो आणि समाजात काही चांगला परिणाम झालेलाही दिसायला हवा असतो, असं मी त्या दिवशी अण्णांना पढवलेल्या पोपटासारखं सांगितलं. अण्णांनी नवी कांडी धोट्यात बसवली आणि मला वाटलं, झालं, आता आणखी सात मिनिटं. पण ते हसत होते. "म्हंजी गाय दुभती बी पायजे अन् गोदानाचं पुण्य बी पायजे. लय हिकमती लोक हायेत तुमचे."

मग उठून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे दुसरा माग होता, त्यांच्या वडिलांचा. त्यावर एक लुगडं अर्धवट विणलेलं, धुरकटून तपकिरी झालेलं. अण्णांनी फडक्याने काठावरची धूळ पुसली आणि खालून काळ्या-पिवळ्या सुतात ज्वारीचं कणीस उमटलं. दाण्याला दाणा लागून, अगदी भरलेलं. मला कापडातलं काही कळत नाही, पण तो काठ बघून माझ्या तोंडून आपोआप 'वा' निघून गेलं. अण्णा म्हणाले, "ह्यो जोंधळी काठ. आमच्या घरचा. माझ्या आजानं बसवला. दुसऱ्या कुठंच भेटत न्हाई." लुगड्यांचं गिऱ्हाईक संपून पन्नासेक वर्षं झाली होती. तेव्हापासून ते लुगडं तसंच मागावर होतं. दरवर्षी खंडेनवमीला मागाची पूजा झाली की अण्णा त्यावर बसायचे आणि चार बोटं विणायचे. फक्त चार बोटं. "माग मरू द्यायचा न्हाई," म्हणायचे. "चार बोटं चारली की वर्षभर जित्ता ऱ्हातो."

त्या काठाने कंपनीतल्या माझ्या वरिष्ठ मॅडमना वेड लावलं. पुण्याहून येऊन त्यांनी फोटो काढले आणि दोन महिन्यांत सेलूला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात विणकाम केंद्र निघालं. शिकायला बायका आल्या, निम्म्या महिनाभरात गेल्या. टिकली ती सुनीता. वालूरचीच, नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. हाताला कोयत्याचे वण. अण्णांनी पहिल्या दिवशी तिच्यापुढे विसकटलेलं सूत टाकलं आणि आपण तंबाखू मळत बसले. दुपारपर्यंत तिने ते न तोडता सोडवलं. त्या संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "साहेब, बाकीच्याला टॉवेल शिकवतो. ही माय जोंधळी विणंल." त्या वर्षी तिचा नवरा टोळीबरोबर एकटाच गेला. ती मागं राहिली, लोकांची बोलणी खात. बाईने मागावर बसायचं नसतं, तिने कांड्या भराव्यात, ही तिकडची जुनी रीत. अण्णांच्या दारात उभं राहून कुणीसं हे बोललं, तर अण्णा कांडी संपेपर्यंतही थांबले नाहीत. "तुझ्या मायनं तुला बसून जल्म दिला का उभ्यानं, ते इचारलं व्हतं का आमी? जा तिकडं!"

अण्णांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, आणि ती ते लपवत नसत. जोंधळी काठ एका तरी जिवंत हातात जावा. "मी मेलो तर रडायला पोरगं हाय," ते म्हणायचे. "काठ मेला तर त्याला कोन हाय?"

आता विणकरांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागावरचा ताणा, म्हणजे उभे दोरे, संपत आला की विणकर तो पुरता कापून काढत नाही. हातभर शेपूट मागावर तसंच ठेवतो आणि त्या जुन्या दोऱ्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक दोरा पीळ देऊन जोडतो. याला सांधणी म्हणतात. जुना दोरा पुढे ओढला की नवा त्याच्यामागोमाग त्याच फाशातून, म्हणजे दोरा ओवायच्या कडीतून, आणि फणीच्या त्याच दातातून बरोबर येतो. कुठला दोरा कुठून जायचा हे कुणाला पाठ असावं लागत नाही, कागदावर लिहावं लागत नाही. जुना दोराच नव्याला वाट दाखवतो. जोंधळी काठाला एका बाजूला एकशे बारा दोरे होते, आणि त्यांची वाट अण्णांच्या आजोबांनी एकदा घालून दिली, ती तेव्हापासून अशी हातोहात चालत आली होती. "आमी नुसते मागनं चाललाव," अण्णा म्हणायचे. वडिलांच्या मागावरचा ताणा आता संपायला आला होता. येत्या खंडेनवमीला शेवटची चार बोटं विणायची आणि दुसऱ्या दिवशी सुनीताला शेजारी बसवून नवा ताणा सांधायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. राख लावून बोटं कोरडी कशी ठेवायची, पीळ किती द्यायचा, हे तिच्याकडून साध्या मागावर घटवून घेणं चालू होतं. त्या दिवसांत अण्णा चक्क गुणगुणताना मी ऐकले आहेत.

मधेच पुण्याहून निरोप आला की गुंतवणूकदार केंद्र बघायला येताहेत, आणि वडिलोपार्जित माग केंद्रात असला तर फार बरं दिसेल. अण्णा मोठ्या कष्टाने कबूल झाले. एवढंच म्हणाले, "मी समोर असताना उचला. ताणा गुंडाळून न्यायचा असतो." पण टेम्पो मिळाला तो नेमका ते मोतीबिंदू दाखवायला परभणीला गेले होते त्या दिवशी. पाहुणे दोन दिवसांवर आलेले. मी चार हमाल घेऊन वालूरला गेलो. मागावर ते तपकिरी कापड, जाळीजळमटं, उंदराने कुरतडलेली कड. मॅडमचं वाक्य माझ्या कानात होतं, सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे. मीच हमालांना म्हणालो, "हे जुनं मळकट सगळं कापून काढा रे. फासे, फणी धुऊन घ्या. अण्णा नवीन चढवतील." सांधणी मी शंभर वेळा पाहिली होती, तिचं कौतुक अहवालात दोन पानं लिहिलं होतं. आणि तरी विळ्याने तो ताणा कापला जात असताना मी बाजूला उभा राहून फोनवर पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होतो. कापड हमालांनी हात पुसायला घेतलं, मग कचऱ्याबरोबर पेटवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा केंद्रात आले. माग धुऊनपुसून लख्ख उभा होता. त्यांनी रिकाम्या फणीवरून हात फिरवला, फाशांत बोट घालून बघितलं. मग मला विचारलं, "शेपूट कुठंय?" मी सांगितलं. ते खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. रिकाम्या फणीकडे बघत म्हणाले, "साहेब, मला सांधता येतंय. रिकाम्या फाशांत नव्यानं भरता येत न्हाई. बापाला बी येत नव्हतं. गरजच पडली न्हाई कुणाला." मला तेव्हा काय झालंय ते कळलं. एकशे बारा दोऱ्यांची वाट त्या कापडाबरोबर जळून गेली होती.

त्यानंतर चार महिने अण्णा आठवणीतून तो काठ भरायला बघत होते. सुनीता फाशातून दोरा ओढायची, ते डोळे मिटून सांगायचे, "एक वरचा, दोन खालचे, एक सोड." जुनी लुगडी शोधत आम्ही वालूर पालथं घातलं, पण अण्णांच्या वडिलांनी विणलेलं सगळं कधीच गोधड्यांत जाऊन विरलं होतं. मॅडमनी काढलेला काठाचा फोटो सुनीताने मोबाइलवर मोठा करून बघितला. जितका मोठा करावा तितके त्याचे ठिपके होत जायचे. सहा वेळा भरलं, सहा वेळा उसवलं. सातव्यांदा काठ उमटला. मला तो हुबेहूब वाटला. मॅडमनाही वाटला, त्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. "पोचट हाय," म्हणाले. "कणीस दिसायलंय, दाणा भरला न्हाई. ह्याला जोंधळी म्हणू नका. माझ्या आजाचं नाव हाय त्याच्यामागं." कंपनीने त्याला जोंधळीच म्हटलं. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, असं मला समजावण्यात आलं, आणि ते खरंही होतं.

मग एक दिवस अण्णाच म्हणाले, "पूर्णेला जाऊन यावं." पूर्णेला त्यांची थोरली बहीण राहत होती, कौसाबाई. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर ती तिथेच राहिलेली. तिच्या लग्नात बापाने स्वतः विणलेलं लुगडं तिला दिलं होतं. सकाळच्या गाडीने आम्ही दोघं गेलो. ऐंशीच्या घरातली ती बाई, पाठीत वाकलेली, पण जीभ भावाइतकीच तिखट. भावाने का आलो ते सांगितल्यावर तिने ट्रंक उघडली आणि लुगडं त्याच्या मांडीवर ठेवलं. अण्णांनी काठावर बोट ठेवलं मात्र, त्यांचा चेहरा पालटला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याने दिसत नव्हतं. दोरे नजरेने मोजणं त्यांना शक्य नव्हतं. वीतभर काठ उसवून बोटाने वाचावा लागला असता.

कौसाबाई कात्री घेऊन आली. "उसव की दिगा. बघत काय बसलास?"

"कशाला ठिवलंस हे आक्का?"

"कशाला म्हंजी? मी मेल्यावर अंगावर टाकायला. माहेरचं कापड लागतंय त्या दिवशी. तुला काय ठावं न्हाई का?"

अण्णांनी लुगड्याची घडी केली. सावकाश, कडेला कड जुळवून. "मग ऱ्हाऊ दे. तुझ्या येळेला माहेरातून कोण आणणार हाय? मी काय तवर ऱ्हात न्हाई."

"आरं, मी कोणत्याबी फडक्यात जाईन. तुझा काठ—"

"बापानं तुला दिलंय. मला न्हाई दिलं." एवढं बोलून ते चहा मागू लागले. परतताना गाडीत मी म्हणालो, "अण्णा, सुनीताचे डोळे तरणे आहेत. तिला पूर्णेला नेऊन दोन दिवस बसवतो. न उसवता मोजील ती." अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. परभणी गेल्यावर म्हणाले, "हां. ते जमंल. लौकर ने." त्यांचा आवाज इतका उजळला होता की मला हायसं वाटलं.

मी नेलं नाही. मुद्दाम नाही, पण नेलं नाही. कंपनीचा शेवटच्या वर्षाचा अहवाल होता, गुंतवणूकदारांना आपला पैसा काढून दुसऱ्या प्रकल्पात घालायचा होता. रात्रंदिवस तेच काम. सुनीताने तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात' म्हणालो. त्या अहवालात 'लुप्त होत चाललेल्या जोंधळी काठाचे पुनरुज्जीवन' असं वाक्य आहे. ते माझं आहे. वाचून सगळ्यांना आनंद झाला. महिन्याभराने गोदाम रिकामं करून सोयाबीनच्या व्यापाऱ्याला गेलं. अण्णांचा माग मी टेम्पोत घालून वालूरला परत नेला, या वेळी त्यांच्या समोर. ते खड्ड्याशी टेकून बसून राहिले. थंडीत त्यांना न्युमोनिया झाला. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "पूर्णेला गेलाव का?" मी म्हणालो, "या सोमवारी." सोमवारच्या आधी शुक्रवार आला.

शेतांत ज्वारी उभी होती. पुण्याहून मुलगा पोचला होता, अण्णांना अंघोळ घालून अंगणात आणलं होतं. पूर्णेहून जीप करून कौसाबाई आली. ती रडली नाही. पिशवीतून लुगडं काढलं, झटकलं आणि भावाच्या अंगावर पांघरलं. भावकीतला एक म्हातारा पुढे आला. "बाप्याच्या अंगावर लुगडं? काय करायलाव आत्याबाई?" कौसाबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लुगडं न्हाई ते. आमच्या बापाचं पांघरूण हाय. लेकराला थंडी वाजायलीय."

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. फोटो काढावा, थांबा म्हणावं, वीतभर काठ तरी मागून घ्यावा, सगळं सुचत होतं. पण जन्मभर जपलेलं आपलं शेवटचं वस्त्र भावाला देऊन बसलेल्या त्या बाईपुढे माझं तोंड उघडेना. ज्याने एकदा कापायला सांगितलं त्याने पुन्हा कात्री कोणत्या तोंडाने मागायची? मला माझी लाज वाटत होती, आजही वाटते. बायका पाया पडायला पुढे आल्या तेव्हा सुनीता अण्णांच्या पायाशी बसली. डोकं टेकवलं ते तिने वर उचललं नाही. पदराआडून तिची बोटं काठावर होती आणि ओठ हलत होते. लोकांना वाटलं, पोटच्या पोरीसारखी रडतेय. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, उशीर व्हायलाय." खांदेकरी वाकले. सुनीताला दोघी बायकांनी दंडाला धरून बाजूला ओढलं.

स्मशानातून पुरुष परत आले तेव्हा ती आतल्या खोलीत रिकाम्या मागाजवळ बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं, "एकशे बारातले किती झाले?"

"सतरा," ती म्हणाली. "मंग उचललं."